आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्ययन, महाराष्ट्रातील

राष्ट्राराष्ट्रांतील राजकीय, आर्थिक, लष्करी व सांस्कृतिक व्यवहारांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्ययन. युद्ध आणि शांतता, तह आणि त्यांचे पालन, राजनय, परराष्ट्रधोरण, आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय संघटना आणि निरनिराळ्या भूप्रदेशांचे क्षेत्रीय अध्ययन यांचा तीत समावेश होतो. स्वतंत्र विद्यापीठीय विषय म्हणून ती पहिल्या महायुद्धानंतर उदयास आली. महाराष्ट्रात मात्र परराष्ट्रव्यवहाराची प्रत्यक्ष परंपरा आणि तिची लिखित साधने या ज्ञानशाखेच्या जन्मापूर्वी कितीतरी काळ अस्तित्वात होती. असे असूनही येथील विद्यापीठांत ती बहुतांशी राज्यशास्त्राचे एक उपांग म्हणूनच राहिली. या विसंगतीची कारणे इतिहासात सापडतात आणि महाबळेश्वर, सातारा व वाई या लहानशा परिसरात ती विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : महाबळेश्वरच्या पश्चिमेस असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट झाली. या भेटीपूर्वी दोन्ही पक्षांच्या वकिलांची जी ये-जा झाली, तीत खानाकडून कृष्णाजी भास्कर व महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांनी बोलणी केली. वकील हा येथे केवळ निरोप्या नव्हता. प्रतिपक्षाचे बळ, हेतू आणि मनःस्थिती यांची पारख करून धन्यास कळविणे हे त्याचे मुख्य काम होते. १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांतर्फे हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा व्यापार व नुकसानभरपाई यांविषयी कलमवार करार झाला.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात टोपीकर सावकारांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नसून त्यांच्या पाठीशी राज्यसत्ता उभी असते, म्हणून त्यांना किनाऱ्यावर पक्की ठाणी करू देऊ नयेत, असा त्यातील विचाराचा आशय आहे. व्यापार आणि सत्ता यांच्या संबंधाचे असे नेमके आकलन हा परराष्ट्रधोरणविषयक चिंतनाचा उत्तम नमुना होय.

पेशवाईत हा व्यवहार अधिक विस्तृत झाला. दिल्लीच्या दरबारात हिंगणे घराण्यातील वकील पेशव्यांचे काम पाहात. निरनिराळ्या दरबारांतून नियमितपणे अखबार व बातमीपत्रे पुण्यास येत. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच प्रतिनिधी पुण्यात आला असता नाना फडणीसांनी त्याच्या आगमनाचा इंग्रजांवर दडपण आणण्यासाठी उपयोग करून घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे हे मध्यस्थ व हमीदार होते. मात्र या साऱ्या व्यवहारात एक उणीव होती. युरोपातील राष्ट्रांची भाषा, राज्यव्यवस्था व परस्परसंबंध यांचे प्रत्यक्ष ज्ञान मिळविण्याची संस्थात्मक सोय पुणे दरबाराने केली नाही. इंग्रज अधिकारी फार्सी व मराठी शिकले. पुणे दरबारात इंग्रजी किंवा फ्रेंच जाणणाऱ्यांचा वर्ग निर्माण झाला नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाचे संपूर्ण परिणाम दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीच ध्यानात आले नाहीत, याचे एक कारण या अज्ञानात होते.

प्रशासक-अभ्यासकांचा काळ : मराठी सत्तेशी ज्यांनी राजनैतिक व्यवहार केले, त्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेक जण या व्यवहारांचे पहिले अभ्यासकही होते. मुंबईचा रेकॉर्डर म्हणून १८०४ मध्ये आलेल्या सर जेम्स मॅकिंटॉश (१७६५–१८३२) याने त्यापूर्वी लंडनमध्ये निसर्गाचा व राष्ट्रांचा कायदा या विषयावर व्याख्याने दिली होती. त्याच वर्षी त्याने मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन केली. पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपास आलेली हीच संस्था होय. पुण्याचा रेसिडेंट माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) याने आपल्या शिष्टाईच्या अनुभवावर आधारलेला काबूलच्या राज्याविषयीचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. इराणच्या दरबारी तीनदा शिष्टाईसाठी गेलेल्या सर जॉन माल्कम (१७६९–१८३३) याचा इराणचा इतिहास त्याच वर्षी निघाला. १८११ मध्ये त्याने हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासाची रूपरेषा लिहिली होती. साताऱ्याचा पहिला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ (१७८९–१८५८) याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आणि त्याच्यानंतर साताऱ्यास आलेला जॉन ब्रिग्ज याने केलेला फिरिश्त्याच्या इतिहासाचा अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अधिकाऱ्यांचे लेखन कंपनीच्या सत्तेच्या गरजांतून झाले होते, हे उघड आहे. तथापि त्यामागे भाषेचे ज्ञान, मूळ कागदपत्रांशी परिचय आणि प्रदेशाचा प्रत्यक्ष प्रवास या तीन गोष्टी होत्या. क्षेत्रीय अध्ययनाची ही तीन अंगे आजही तीच आहेत. माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना (१८२७–३०) महाबळेश्वरच्या पठारावर आरोग्यस्थान वसविण्यात आले व त्यास त्याच्या नावावरून माल्कमपेठ हे नाव मिळाले. ही जमीन सातारच्या छत्रपतींच्या राज्यातील होती. १८२९ मध्ये ती कंपनीने कराराने मिळविली व तिच्या मोबदल्यात वाईजवळील खंडाळा हे गाव छत्रपतींना दिले. अशा रीतीने खुद्द महाबळेश्वरची वसाहतच दोन राज्यांमधील एका तहनाम्यातून निर्माण झाली.

साताऱ्याचे प्रकरण : २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह (१७९३–१८४७) यांना साताऱ्याचे मर्यादित राज्य दिले. या तहातील एका कलमान्वये छत्रपतींनी परकीय सत्तांशी, तसेच राज्याबाहेरील संस्थानिक, सरदार व जहागीरदारांशी परस्पर संबंध ठेवू नयेत, असे बंधन घालण्यात आले. राज्याचे अंतर्गत शासन छत्रपतींकडे राहिले; बाह्य संबंध मात्र त्यांच्या हातून गेले. पुढे प्रतापसिंहांवर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप प्रमुख होते. म्हणजे ते मुख्यतः याच कलमाच्या भंगाविषयीचे होते. छत्रपतींनी ते नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले.

या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० पासून १८५३ पर्यंत ते तेथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सदस्य आणि वृत्तपत्रे यांच्यापुढे त्यांनी धन्याची बाजू मांडली. निवेदने व पुस्तिका छापून वाटल्या. तहातील शब्दांचा अर्थ कोणी लावावयाचा, तहाचा एक पक्षच न्यायाधीश होऊ शकतो काय, आणि दुर्बळ पक्षाला तहाचे संरक्षण कितपत मिळते, हे त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याचे मूलभूत प्रश्न होत. त्यांना यश आले नाही. १८४८ मध्ये प्रतापसिंहांचे बंधू शहाजी यांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले. प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी या ग्रंथात ही कथा मराठी वाचकांपुढे ठेवली. परंतु आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणाकडे विद्यापीठांतील अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही.

मुंबई सरकारचा परराष्ट्रव्यवहार : साताऱ्याचे राज्य गेले, तरी या भूमीवरून होणारा परराष्ट्रव्यवहार संपला नाही, तो फक्त दुसऱ्यांच्या हाती गेला. १८३९ च्या जानेवारीत कंपनीने एडन घेतले व त्याचा कारभार मुंबई सरकारकडे सोपविला. तो १९३२ पर्यंत त्या सरकारकडे होता. इराणच्या आखातातील बुशहर येथील रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबईच्या आधिपत्याखाली होती. मस्कत, झांझिबार व आखातातील अरब शेखांशी झालेला बराचसा पत्रव्यवहार मुंबईच्या राजकीय खात्यामार्फत होई. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम महाबळेश्वरी हलत असल्याने त्या काळात अरबी किनाऱ्यावरील घडामोडींचे कागद सह्याद्रीच्या माथ्यावर वाचले जात. याच काळात मलाया द्वीपकल्पातील इंग्रज वसाहतींमधून आणलेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवलेले होते आणि तेथील बटाटे व भाजीपाल्याच्या बागाइतीत त्यांचा मोठा वाटा होता.

राजकीय खात्याचे हे दप्तर आज मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात जतन केलेले आहे. पश्चिम आशिया व पूर्व आफ्रिका यांच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन आहे. मात्र ज्या काळात हे कागद तयार होत होते, त्या काळात एतद्देशीयांना त्यांच्या निर्णयात स्थान नव्हते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात इतिहास, कायदा व अर्थशास्त्र शिकविले जाऊ लागले. परराष्ट्रव्यवहार हा विषय सरकारी खात्याच्या चार भिंतींत राहिला. ज्या समाजाला तह करण्याचा अधिकार नाही, त्याच्या विद्यापीठांत तहांच्या अभ्यासाची निकड भासत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही ज्ञानशाखा येथे रुजली नाही, याचे हे प्रधान कारण होय.

इतिहाससंशोधकांचे कार्य : विद्यापीठांबाहेर मात्र परराष्ट्रव्यवहाराच्या साधनांचा शोध व प्रकाशन मोठ्या प्रमाणावर झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील कागदपत्रे मुख्यतः वाई येथे मिळालेली होती आणि पानिपतच्या युद्धापूर्वीच्या उत्तर हिंदुस्थानातील राजकारणावर त्यांनी नवा प्रकाश टाकला. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी (१८७०–१९२६) इतिहाससंग्रह हे मासिक चालविले आणि दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे प्रकाशात आणली. महाबळेश्वरवरही त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयातून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड आणि सर जदुनाथ सरकार यांच्या सहकार्याने पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची माला संपादित केली. गोव्यात पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी तेथील पुराभिलेखागाराच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंध आणि पोर्तुगीजांच्या सेवेतील एतद्देशीय राजनैतिक प्रतिनिधी यांवर पोर्तुगीज भाषेत मौलिक लेखन केले. दोन सत्तांच्या संबंधांचा दोन्हीकडील साधनांवरून अभ्यास करणारे ते मराठी भाषकांतील अग्रणी होत.

या संशोधकांनी आपण इतिहास लिहितो असे मानले आणि ते योग्यच होते. परंतु त्यांनी उजेडात आणलेली सामग्री राजनयाच्या सिद्धांतासाठीही तितकीच उपयुक्त होती. या दोन क्षेत्रांना जोडणारा पूल मात्र बांधला गेला नाही.

विषयाचा उदय : पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, युद्धाची कारणे शास्त्रीय रीतीने शोधली तर ते टाळता येईल, या आशेतून १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. ते अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाने ओळखले जाते व त्यावरील पहिले प्राध्यापक सर आल्फ्रेड झिमर्न हे होते. महाराष्ट्रात त्या काळी या विषयाची आस्था सार्वजनिक कार्यातून प्रकट झाली. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेस भेट देऊन तेथील भारतीयांच्या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री (१८६९–१९४६) यांनी १९२१ मध्ये राष्ट्रसंघात हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व केले व १९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे पहिले एजंट झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडाचा पहिला विभाग हिंदुस्थान आणि जग या विषयास वाहिला. जगाच्या संदर्भात स्वतःचे स्थान ओळखल्याशिवाय ज्ञानाची मांडणी होत नाही, ही त्यांची भूमिका होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारतात या ज्ञानशाखेची संस्थात्मक उभारणी प्रामुख्याने दिल्लीत झाली. १९४३ मध्ये जागतिक घडामोडींच्या अभ्यासासाठी भारतीय परिषद स्थापन झाली. तिच्याच प्रयत्नाने १९५५ मध्ये ए. अप्पादोराय (१९०२–९०) यांच्या संचालकत्वाखाली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था सुरू झाली. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. महाराष्ट्रातील जुन्या विद्यापीठांत असा सर्वसमावेशक स्वतंत्र विभाग दीर्घकाळ निर्माण झाला नाही. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात, तर पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र विभागात हा विषय शिकविला जाऊ लागला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सातारा व सांगली हे जिल्हे येतात. तेथेही तो राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा एक भाग आहे.

विशिष्ट अंगांचा विकास मात्र झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग उभा राहिला. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी व लष्कराच्या इतर संस्था जवळ असल्याने त्यास अनुकूल वातावरण लाभले. मुंबई विद्यापीठात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या क्षेत्रीय अध्ययन योजनेखाली १९७१ मध्ये आफ्रिका अध्ययन केंद्र सुरू झाले. पूर्व आफ्रिकेशी असलेला मुंबईचा जुना व्यापारी संबंध लक्षात घेता ही निवड उचित होती. त्याच विद्यापीठातील सोव्हिएट अध्ययन केंद्राला १९९१ मध्ये सोव्हिएट संघच विघटित झाल्यावर मध्य यूरेशिया हे नवे क्षेत्र व नवे नाव स्वीकारावे लागले. एखाद्या राज्यसंस्थेपुरता मर्यादित असलेला अभ्यास त्या राज्यसंस्थेबरोबर अडचणीत येतो. भाषा, लोक व भूप्रदेश यांवर आधारलेला अभ्यास मात्र सत्तांतरानंतरही टिकतो, हा या उदाहरणाचा बोध होय.

प्रत्यक्ष व्यवहारातील व्यक्ती : विद्यापीठांत विषयाची वाढ संथ असली, तरी याच परिसराने देशाच्या परराष्ट्रव्यवहाराला कर्ती माणसे दिली. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत (१९१२–९२) हे १९४८ मध्ये नैरोबी येथे भारताचे आयुक्त म्हणून गेले. आफ्रिकी जनतेच्या स्वातंत्र्याकांक्षांविषयी त्यांनी दाखविलेली सहानुभूती तेथील वसाहतवादी सत्तेला रुचली नाही. पुढे सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी म्हणून त्यांनी तिबेटच्या निर्णायक कालखंडात काम केले. इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, ब्रिटन व इटली येथेही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. आपले अनुभव त्यांनी इंग्रजी ग्रंथांतून मांडले आहेत. पूर्वी सातारा जिल्ह्यात व आता सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण (१९१३–८४) हे १९६२ च्या युद्धानंतर देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९७४ ते १९७७ या काळात ते परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत १९७६ मध्ये चीन व पाकिस्तान या दोन्ही देशांशी राजदूतांच्या पातळीवरील संबंध पुन्हा प्रस्थापित झाले. पांचगणी येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या नैतिक पुनरुत्थान चळवळीच्या एशिया प्लॅटो या केंद्रात निरनिराळ्या देशांतील लोकांच्या संवादसभा होत आल्या आहेत. जिल्ह्यातून माणसे जगात गेली आणि जग जिल्ह्यात आले. परंतु या अनुभवाचे अध्ययन करणारी विद्यापीठीय परंपरा जवळपास उभी राहिली नाही.

सद्यःस्थिती : एखाद्या ज्ञानशाखेचे आरोग्य केवळ विद्यार्थिसंख्येवरून ठरत नाही. तिला स्वतःची साधने आहेत काय, ती वाचण्यासाठी लागणाऱ्या भाषा तिच्या अभ्यासकांना येतात काय, आणि शासनाच्या तात्कालिक गरजांपलीकडे जाऊन प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य तिला आहे काय, या तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत.

भारतातील या विषयाच्या स्थितीविषयी तज्ञांनीच वेळोवेळी असमाधान व्यक्त केले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ए. पी. राणा यांनी विषयाच्या पुनर्रचनेची गरज प्रतिपादन केली. कांती बाजपेयी व सिद्धार्थ मल्लवरपू यांनी २००५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथांतून सिद्धांताकडे झालेल्या दुर्लक्षाची चर्चा झाली. चालू घडामोडींचे वर्णन पुष्कळ, पण मूलभूत संकल्पनांचा विचार थोडा. दिल्लीत एकवटलेली साधनसामग्री. आणि राज्यांतील विद्यापीठांत दुबळी ग्रंथालये व अपुरे प्राध्यापक, असे या टीकेचे स्थूल स्वरूप आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत साधनांची उणीव नाही. पेशवे दप्तर पुण्यात, राजकीय खात्याचे दप्तर मुंबईत आणि पोर्तुगीज दप्तर शेजारच्या गोव्यात आहे. उणीव आहे ती या साधनांना विषयाशी जोडण्याची. आखातविषयक ब्रिटिश कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने कतारने २०१४ पासून संगणकीय रूपात जगापुढे खुली केली. त्याच व्यवहाराची मुंबईकडील बाजू ज्या दप्तरात आहे, ते मात्र येथील आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात क्वचितच डोकावते. मोडी लिपी न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी वकिलांची पत्रे आणि अरबी वा स्वाहिली न जाणणाऱ्याला आखात व आफ्रिका हे दोन्ही परकेच राहतात.

भाषांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी इ. भाषांचे अध्यापन दीर्घकाळ होत आले असून जपानी भाषेच्या अभ्यासात पुण्याने नाव मिळविले आहे. तथापि भाषेचे शिक्षण व त्या भाषिक प्रदेशाच्या राजकारणाचे शिक्षण निरनिराळ्या विभागांत विभागले गेले आहे. १९७१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सिंबायोसिस या संस्थेचा उगमच परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी दूर करण्याच्या हेतूतून झाला. आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांचे विद्यार्थी पुण्यात वर्षानुवर्षे शिकत आले. पण त्यांच्या देशांचा अभ्यास करण्यासाठी त्यांच्या सान्निध्याचा लाभ घेण्याची पद्धत विद्यापीठांतून पडली नाही. अलीकडच्या काळात खाजगी विद्यापीठांनी या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम काढले असून २००९ मध्ये मुंबईत गेटवे हाउस हे परराष्ट्रधोरणविषयक विचारकेंद्र निघाले. या उपक्रमांचे अध्ययन व प्रकाशन मुख्यतः इंग्रजीत होते.

मराठी वाचकाची या विषयातील आस्था मात्र निःसंशय आहे. गोविंद तळवलकर यांनी सोव्हिएट साम्राज्याच्या उदयास्तावर आणि अरुण साधू यांनी चीन व क्यूबा येथील क्रांत्यांवर लिहिलेल्या ग्रंथांना मोठा वाचकवर्ग लाभला. हे दोघेही पत्रकार होते. विद्यापीठाने जे काम करावयास हवे होते, ते बऱ्याच अंशी वृत्तपत्रसृष्टीने केले. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने राज्यशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केल्यामुळे मराठीत अध्यापन करणाऱ्यांची संज्ञांची अडचण पुष्कळशी दूर झाली. परंतु परिभाषा ही विचाराचे साधन असते, विचार नव्हे. मराठीतील बहुतेक पाठ्यपुस्तके परीक्षेच्या गरजेपुरती असून इंग्रजी ग्रंथांच्या सारांशावर आधारलेली आहेत. वाई किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सत्तासमतोलाचा सिद्धांत व्हिएन्नाच्या १८१५ च्या परिषदेवरून समजावून दिला जातो; सालबाईच्या तहातील हमीदाराची भूमिका, किंवा त्याच्या गावापासून काही मैलांवर घडलेले साताऱ्याचे प्रकरण त्याच्या पाठ्यपुस्तकात आढळत नाही.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्ययन हे राजधानीच्या शहरातच होऊ शकते, ही समजूत इतिहासाच्या आधारावर टिकत नाही. माल्कमने इराणचा आणि पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या राजनयाचा अभ्यास केला, तो दप्तरांच्या व भाषांच्या बळावर. परराष्ट्रव्यवहाराचे अधिकार केंद्र शासनाकडे असणे हे संघराज्याच्या घटनेला धरून आहे. परराष्ट्रव्यवहाराचे ज्ञान केवळ केंद्राकडे असणे मात्र लोकशाहीला पोषक नाही. समुद्रपार व्यापार, लाखोंच्या संख्येने परदेशी जाणारे नागरिक आणि आखाती देशांशी असलेले आर्थिक संबंध यांमुळे महाराष्ट्राचे दैनंदिन जीवन जागतिक घडामोडींशी जोडले गेले आहे. तहातील एका कलमाचा अर्थ समजण्यावर राज्याचे भवितव्य अवलंबून असते, हे साताऱ्याने १८३९ मध्ये अनुभवले. त्या वेळी तो अर्थ परदेशात जाऊन मांडणारा एक वकील होता. तो मांडण्याची तयारी करून देणारी विद्या मात्र नव्हती. ती विद्या आज विद्यापीठांच्या आवाक्यात आहे. इतिहास, भाषा व राज्यशास्त्र हे विभाग एकत्र आणून, आपल्या दप्तरांचा उपयोग करून आणि मराठीत स्वतंत्र विचार मांडून ती विद्या उभी करणे, यावरच या ज्ञानशाखेचे महाराष्ट्रातील आरोग्य अवलंबून राहील.